ओपेलचा सौदा आणि सरकारची जामीनकी

संघाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा आम्हांस दरवर्षी होते, आणि धान्यबाजाराविषयी चार शब्द लिहून आम्ही ती दरवर्षी पाळतो. यंदाचा लेख मोटारीच्या धंद्याविषयी आहे, हे पाहून काही व्यापारी बंधूंस नवल वाटेल. ज्याचा जन्म तुरीच्या व हरभऱ्याच्या पोत्यांत गेला आणि ज्याचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही, त्याने परदेशातील मोटारींच्या कारखान्यांविषयी काय सांगावे, असा प्रश्न कोणी केल्यास तो रास्तच होईल. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, माल कोणताही असो, सौदा हा सौदाच असतो. विकणारा, घेणारा, मधला दलाल आणि जामीन राहणारा ही चार माणसे आमच्या रविवार पेठेत जशी असतात, तशीच ती फ्रँकफर्टला व डेट्रॉइटलाही असतात. फरक पडतो तो रकमेच्या शून्यांचा.

या विषयाकडे वळण्यास कारणही तसेच घडले. गतवर्षीच्या वार्षिक सभेत आपल्या संघापुढे एक ठराव आला होता. आपल्या भागातील एक बंद पडलेली गिरणी तिचे परप्रांतीय मालक विकणार आहेत; ती अमुक एका स्थानिक मंडळींसच मिळावी, म्हणून सरकारने मालकांवर वजन आणावे व घेणाऱ्यांस कर्जासाठी जामीन राहावे, अशी विनंती संघाने करावी, असा त्याचा आशय होता. दोन्ही बाजूंनी आवेशाची भाषणे झाली आणि ठराव पुढील सभेवर ढकलण्यात आला. आम्ही त्या दिवशी मौन धरले. घरी आल्यावर मात्र मनाला चैन पडेना, आणि वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे वाचलेला जर्मनीतील ओपेल कंपनीचा इतिहास डोळ्यांपुढे येऊ लागला. तोच आज सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शिवणयंत्रापासून मोटारीपर्यंत

अॅडम ओपेल हा जर्मनीतील ऱ्युसेल्सहाइम गावचा कारागीर. १८६२ साली त्याने काकाच्या गोठ्यात शिवणयंत्रे बनविण्यास प्रारंभ केला. पुढे त्याच नावाने सायकली निघू लागल्या. तो १८९५ साली वारला, व त्याच्या मुलांनी १८९९ मध्ये मोटारी बांधण्यास आरंभ केला. म्हणजे आपल्याकडे ज्यास तीन पिढ्यांची पेढी म्हणावे तसे हे घर. परंतु १९२९ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने ओपेलचे ऐंशी टक्के भाग विकत घेतले व १९३१ पर्यंत उरलेलेही घेतले. तेव्हापासून नाव जर्मन, कामगार जर्मन, गाव जर्मन, पण मालक अमेरिकन, अशी स्थिती झाली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील साऱ्या गुंत्याचे मूळ तीत आहे.

आपल्याही देशाशी या घराण्याचा संबंध आलेला आहे. जनरल मोटर्सने १९२८ सालीच मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. तो पन्नाशीच्या दशकात बंद झाला. नव्वदीनंतर धोरणे सैल झाली, तेव्हा ती कंपनी हिंदुस्तान मोटर्सबरोबर भागीदारीत परत आली आणि बडोद्याजवळील हालोलच्या कारखान्यातून १९९६ साली ‘ओपेल अॅस्ट्रा’ ही गाडी बाहेर पडली. बडोद्याच्या आमच्या व्याह्यांनी ती हौसेने घेतली होती. तिच्यात बसून पावागडास गेल्याचे आम्हांस चांगले स्मरते. ओपेल हे नाव तेव्हापासून कानावर आले, म्हणूनच पुढे त्या नावाची बातमी दिसली की आम्ही ती वाचीत गेलो.

मालक बुडू लागला

२००८ साली अमेरिकेत पतपेढ्यांचे व बँकांचे जे अरिष्ट ओढवले, त्यात मोटारींचा खप एकाएकी बसला. जनरल मोटर्सचे पाय आधीच मातीत रुतले होते; युरोपात तर १९९९ नंतर तिला नफा म्हणून ठाऊक नव्हता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ओपेलने जर्मन सरकारकडे जामीनकीची मागणी केली. ओपेलचे युरोपभर सुमारे पन्नास हजार नोकर होते, पैकी निम्मे जर्मनीत. हेस, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया, ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेट व थुरिंगिया या चार राज्यांत तिचे कारखाने. शिवाय स्पेन, बेल्जियम, पोलंड व इंग्लंड या देशांतही तिच्या चिमण्या धूर सोडीत होत्या.

येथे जर्मन सरकारची अडचण समजून घेतली पाहिजे. कारखाना आपला नाही, भागभांडवल आपले नाही, हिशेबाच्या वह्या परक्याच्या हातात. परंतु तो बंद पडला तर रस्त्यावर येणारी माणसे आपली आणि मतपेटीपाशी येणारीही आपलीच. पुढील वर्षी, म्हणजे २००९ साली, २७ सप्टेंबरास सार्वत्रिक निवडणूक ठरलेली होती. चॅन्सेलर अँगेला मर्केल व त्यांचे परराष्ट्रमंत्री फ्रँक-वाल्टर श्टाइनमायर हे सरकारात सहकारी, पण निवडणुकीत प्रतिस्पर्धी. ओपेल वाचविण्यात आपण मागे पडलो, असे दोघांपैकी कोणासच म्हणवून घ्यावयाचे नव्हते.

३० मेची रात्र

जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या अर्जाच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा तिच्याबरोबर ओपेलही बुडू नये म्हणून बर्लिनमध्ये चॅन्सेलरांच्या कचेरीत रात्र-रात्र बैठका झाल्या. घेऊ इच्छिणारे अनेक होते. इटलीची फियाट होती. तिचे प्रमुख सर्जिओ मार्किओने. मोटारीचे भाग बनविणारी कॅनडातील मॅग्ना होती. ऑस्ट्रियाहून कॅनडास गेलेल्या फ्रँक स्ट्रोनाख यांनी ती उभी केलेली, व तिच्याबरोबर रशियाची स्बेरबँक. बेल्जियममधून कारभार चालविणारी आर.एच.जे. ही गुंतवणूक कंपनी होती, आणि चीनमधील बीजिंगच्या मोटार कंपनीनेही रस दाखविला होता.

पहिली बैठक फसली. अमेरिकेच्या बाजूने ऐनवेळी आणखी तीस कोटी युरोंची गरज पुढे करण्यात आली आणि जर्मन मंत्री संतापून उठले. फियाट पुढील बैठकीस आलीच नाही. अखेर ३० मे २००९ च्या पहाटे मॅग्नाशी प्राथमिक बोलणे ठरले. केंद्र व राज्य सरकारांनी मिळून दीड अब्ज युरोंचे तात्पुरते कर्ज देण्याचे मान्य केले. ओपेलचे पासष्ट टक्के भाग एका विश्वस्त मंडळाकडे ठेवावे व पस्तीस टक्के जनरल मोटर्सकडे राहावे, अशी योजना झाली. आपल्याकडे वादातील माल तिऱ्हाईताच्या वखारीत ठेवून किल्ली पंचांकडे देतात, तसाच हा प्रकार. दोनच दिवसांनी, १ जूनला, जनरल मोटर्सने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. ओपेल त्यातून अलग राहिली.

या निर्णयास सरकारातच एक विरोधी सूर होता. अर्थखात्याचे तरुण मंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांचे म्हणणे असे की, सरकारी पैसा धोक्यात घालण्यापेक्षा कायद्याच्या देखरेखीखाली नियोजित दिवाळखोरी बरी. त्यांनी राजीनाम्याचीही तयारी दाखविली होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. परंतु त्यांचे ऐकले गेले नाही.

विश्वस्त मंडळातील मतदान

यापुढील तीन महिने घासाघिशीत गेले. जनरल मोटर्सच्या कारभाऱ्यांचा ओढा आर.एच.जे. कडे होता. तिला सरकारी मदत कमी लागणार होती, व पुढेमागे ओपेल परत घेण्याची वाटही खुली राहिली असती. मॅग्नाला दिल्यास आपली यंत्रविद्या रशियातील प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाईल, ही त्यांना धास्ती होती. उलट जर्मन सरकारने मॅग्नासाठी एकूण साडेचार अब्ज युरोंचे साहाय्य तयार ठेवले. कामगारांच्या संघटनाही मॅग्नाच्या बाजूने होत्या.

१० सप्टेंबरास जनरल मोटर्सच्या संचालकांनी मॅग्नाच्या बाजूने शिफारस केली व विश्वस्त मंडळाने ती मंजूर केली. मॅग्ना व स्बेरबँक यांना मिळून पंचावन्न टक्के, जनरल मोटर्सकडे पस्तीस आणि कामगारांना दहा, अशी वाटणी ठरली. निवडणूक अवघ्या सतरा दिवसांवर होती. साऱ्या जर्मनीत समाधान पसरले.

परंतु त्या मतदानाचा तपशील आम्हांस फार बोलका वाटतो. पाच जणांच्या त्या मंडळात दोन जनरल मोटर्सचे, दोन जर्मनीच्या बाजूचे व एक अध्यक्ष होते. जर्मनीच्या बाजूच्या दोघांपैकी एकाने विरुद्ध मत दिले आणि दुसरा तटस्थ राहिला. म्हणजे ज्या सौद्यासाठी सरकार झटत होते, त्यास सरकारच्या बाजूने नेमलेल्या जाणत्या माणसांपैकी एकाचेही मत पडले नाही. ज्या घरचा मुनीम वहीवर सही करण्यास कचरतो, त्या घरच्या यजमानाने क्षणभर थांबावे, हे कोणताही व्यापारी सांगेल. येथे कोणी थांबले नाही.

ब्रसेल्सचे पत्र

निवडणूक झाली. मर्केल पुन्हा चॅन्सेलर झाल्या. श्टाइनमायर यांचा पक्ष सरकारबाहेर गेला. तेवढ्यात ब्रसेल्सहून एक पत्र आले. युरोपीय संघाच्या स्पर्धा खात्याच्या आयुक्त नेली क्रुस यांनी ऑक्टोबरात जर्मन सरकारला विचारले की, हे साहाय्य ओपेलला आहे की मॅग्नाला? कारखाना कोणीही घेतला तरी मदत मिळणार होती, की केवळ सरकारच्या पसंतीच्या गिऱ्हाइकासच मिळणार होती? युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे सरकारने एका विशिष्ट घेणाऱ्याच्या पारड्यात पैसा टाकणे मान्य नव्हते. तेव्हा जनरल मोटर्स व विश्वस्त मंडळ यांना फेरविचाराची संधी द्यावी आणि मदत कोणासही मिळू शकेल असे लेखी कळवावे, असा त्या पत्राचा रोख होता.

शेजारी देशांचीही तक्रार होतीच. मॅग्नाच्या योजनेत युरोपभर सुमारे साडेदहा हजार नोकऱ्या कमी व्हावयाच्या होत्या. जो देश पैसा देतो त्याचे कारखाने राहतील आणि आमचे मिटतील, असा संशय बेल्जियम व स्पेन यांना येत होता. एका सरकारने धान्य आपल्याच गावच्या पाखरांना टाकले की शेजारच्या गावात कलकलाट होणारच.

३ नोव्हेंबर

३ नोव्हेंबर २००९ रोजी मर्केल वॉशिंग्टनमध्ये होत्या. त्यांनी त्या दिवशी अमेरिकेच्या संसदेपुढे भाषण केले. जर्मन चॅन्सेलरला असा मान १९५७ मध्ये आडेनाउअर यांच्यानंतर प्रथमच मिळाला होता. त्याच दिवशी डेट्रॉइटमध्ये जनरल मोटर्सच्या संचालकांची सभा भरली, आणि मर्केल परतीच्या वाटेवर असतानाच ओपेल विकावयाची नाही, स्वतःकडेच ठेवावयाची, असा निर्णय तिने जाहीर केला.

त्या वेळी जनरल मोटर्सचे साठ टक्के भाग खुद्द अमेरिकन सरकारकडे होते, हे येथे सांगितले पाहिजे. आपण धंद्याच्या निर्णयात हात घातला नाही, असे त्या सरकारचे म्हणणे होते. जर्मन लोकांस ते पटणे कठीण गेले. हजारो कामगार काम थांबवून कारखान्यांच्या दारात उभे राहिले. रशियाचे तेव्हाचे पंतप्रधान पुतिन यांनीही उघड नाराजी बोलून दाखविली.

मालकाने मन का बदलले? धान्याच्या व्यापाऱ्यास हे समजण्यास वेळ लागत नाही. मे महिन्यात मालक घायकुतीस आला होता, नोव्हेंबरात तो सावरला होता. दिवाळखोरीतून बाहेर पडून त्याच्या हाती सरकारी पैसा आला होता. जुनी गाडी मोडीत देऊन नवी घेणारास अडीच हजार युरो, ही जर्मन सरकारची योजना लागू झाल्यापासून खपही वाढला होता. ओपेलच्या ‘इन्सिग्निया’ या गाडीस २००९ सालचा युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला होता व तिच्याच सांगाड्यावर कंपनी चीन व अमेरिकेसाठी गाड्या काढणार होती. पेरणीच्या वेळी गरजेपोटी विकावयास काढलेली जमीन, पाऊस बरा झाला की शेतकरी परत विकत नाही, त्यातलाच हा प्रकार.

तात्पुरत्या कर्जाची बाकी मात्र जनरल मोटर्सने नोव्हेंबर संपण्यापूर्वी फेडली. जर्मन खजिन्याचा पैसा बुडाला नाही, ही गोष्ट न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. त्या कर्जामुळेच ओपेल अमेरिकेतील दिवाळखोरीच्या भोवऱ्यातून सुटली, हेही खरे. सरकारने काहीच करू नये, असे म्हणणाऱ्यांनी पंचवीस हजार घरांच्या चुलींचे उत्तर दिले पाहिजे. तेव्हा सरकार मध्ये पडले, हा आमच्या मते दोष नव्हे. ते कोणत्या जागी उभे राहिले, हा प्रश्न आहे.

पुढे काय झाले

जून २०१० मध्ये जनरल मोटर्सने एक अब्ज दहा कोटी युरोंच्या जामीनकीसाठी जर्मन सरकारकडे पुन्हा हात पसरला. तेव्हाचे अर्थखात्याचे मंत्री रायनर ब्र्युडर्ले यांनी नकार दिला. आठवड्याभरातच कंपनीने युरोपातील सारे मदतीचे अर्ज मागे घेतले व पैसा आपल्याच तिजोरीतून काढला. ज्याच्याजवळ पैसा नाही असे वर्षभर सर्वांनी गृहीत धरले होते, त्याच्याजवळ तो आता निघाला.

बेल्जियममधील अँटवर्पचा कारखाना २०१० च्या अखेरीस बंद झाला व दोन हजारांहून अधिक माणसे घरी बसली. जर्मनीतील बोखुमचा कारखाना १९६२ साली जुन्या कोळशाच्या खाणीच्या जागेवर उभा राहिला होता. तेथील शेवटची मोटार डिसेंबर २०१४ मध्ये बाहेर पडली, आणि सुमारे तीन हजार नोकऱ्या गेल्या. ज्या कारखान्यांसाठी २००९ ची ती रात्र जागून काढली, त्यांपैकी हा एक.

अखेर २०१७ साली जनरल मोटर्सने ओपेल खरोखरच विकली. फ्रान्सच्या पी.एस.ए. म्हणजे प्यूजो-सित्रोएन मंडळीने ती घेतली. मोटारीच्या धंद्याची किंमत सुमारे एक अब्ज तीस कोटी युरो. या खेपेस जर्मन सरकारने कारखाने व कामगारांचे करार पाळण्याची हमी मागितली, पण गिऱ्हाईक मात्र निवडले नाही. सौदा पाच महिन्यांत पुरा झाला, व २०१८ साली ओपेलने कित्येक वर्षांनंतर प्रथमच नफा दाखविला. अर्थात तो नोकर कमी करून व खर्च छाटून, हेही सांगितले पाहिजे. पुढे जानेवारी २०२१ मध्ये पी.एस.ए. व फियाट यांचे एकत्रीकरण होऊन स्टेलान्टिस ही कंपनी झाली. म्हणजे २००९ साली बर्लिनच्या दारातून परत गेलेली फियाट व ओपेल आज एकाच छपराखाली नांदत आहेत. त्यासाठी ना रात्रीच्या बैठका लागल्या, ना सरकारी जामीनकी.

तळेगावची गोष्ट

हे झाले परदेशाचे. त्याच जनरल मोटर्सचा आपल्या घराजवळचा एक सौदाही सरकारच्या दारात अडला. पुण्याजवळ तळेगाव येथे तिचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला होता. २०१७ अखेर कंपनीने भारतातील विक्री थांबविली; हालोलचा कारखाना चीनच्या एस.ए.आय.सी. कंपनीकडे गेला, तळेगावात निर्यातीपुरते काम चालू राहिले. जानेवारी २०२० मध्ये चीनच्याच ग्रेट वॉल मोटर कंपनीशी तळेगाव विकण्याचा करार झाला. पण त्या एप्रिलात सरकारने नियम केला की, ज्या देशांची भूसीमा भारतास लागून आहे, तेथून येणाऱ्या भांडवलास आधी सरकारची परवानगी लागेल. जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले जवान धारातीर्थी पडले, आणि महाराष्ट्र सरकारने त्या कंपनीशी केलेला करारही स्थगित झाला.

देशाच्या सीमेचा प्रश्न व्यापाऱ्याने तराजूत घालू नये, हे आम्ही मानतो. परवानगी नाकारण्याचा सरकारचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु परवानगी मिळाली नाही ती नाहीच, आणि जून २०२२ च्या अखेरीस मुदत संपून करार आपोआप मोडेपर्यंत अडीच वर्षे गेली. मध्यंतरी डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले, आणि हजाराहून अधिक कामगारांस नोटिसा मिळून त्यांचे भांडण कोर्टात गेले. शेवटी २०२३ साली कोरियाच्या ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. जर्मनीत सरकार फार बोलले, येथे सरकार बोललेच नाही. मालक, घेणारे व कामगार दोन्हीकडे सारखेच ताटकळले. आमच्या उद्यमबागेतील ओतशाळांना व लेथच्या कारखान्यांना मोटारधंद्याचीच कामे मिळतात. एखादा मोठा कारखाना अधांतरी राहिला की ऑर्डरी कशा आटतात, हे तेथील कोणाही मालकास विचारावे.

आमची स्वतःची चूक

आता गतवर्षी आम्ही मौन का धरले, ते सांगणे प्राप्त आहे.

सुमारे पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची हकिकत. वडील दुकानाची गादी सांभाळीत होते व आम्ही त्यांच्या हाताखाली होतो. आमच्या जिल्ह्यातील एक डाळगिरणी तिचे परगावचे मालक विकावयास निघाले. साठएक माणसे तेथे कामास होती. आमच्या दुकानाची तूर तेथे जात असे, व थोडी उधारीही अडकली होती. रोख पैसा घेऊन आलेले एक बाहेरचे गिऱ्हाईक होते. त्याचा भाव बेताचा, पण पैसा तयार. तथापि ‘गिरणी गावाबाहेरच्याच्या घशात का जावी?’ असे म्हणून आम्ही काही स्थानिक व्यापारी एकत्र झालो आणि एका वजनदार गृहस्थांकडे गेलो. गिरणी तुमच्याच मंडळीस मिळत असेल तर कर्ज व जामीनकी मी मिळवून देतो, असा शब्द त्यांनी दिला. त्यांनी मालकांच्या कानावरही चार गोष्टी घातल्या. विसार दिला गेला, पेढे वाटले, हारतुरे झाले. रोखीचे गिऱ्हाईक मुकाट्याने निघून गेले.

खरेदीखत व्हावयाचे तर कर्ज मंजूर व्हावयास हवे. त्यास चार-पाच महिने लागले. तेवढ्यात डाळीचा भाव चढला. मालकांनी विसार पैन् पै परत पाठविला व गिरणी विकावयाची नाही म्हणून कळविले. आमचे नुकसान काहीच झाले नाही. उलट उधारीही वसूल झाली. पुढे भाव पडला. दोन वर्षांत गिरणी बंद झाली आणि यंत्रे मोडीच्या भावात गेली. तेव्हा कोणतेच गिऱ्हाईक आले नाही.

तेथील एक वृद्ध तोलाईदार नंतर आमच्या दुकानी काम मागण्यास आला. वडिलांनी त्यास बसावयास सांगितले. तो म्हणाला, “आप्पा, तवा त्यो रोकडीचा गिऱ्हाईक आला हुता न्हवं? त्याला का घालवलासा?” वडील काही बोलले नाहीत. त्यांनी त्यास दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतले. पण साठांपैकी आम्हांस घेता आला तो एकच. त्या प्रश्नास उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते, आजही नाही. गतवर्षीचा ठराव ऐकताना तोच प्रश्न कानात घुमत होता, म्हणून जीभ उचलली नाही.

तात्पर्य

ओपेलच्या व आमच्या डाळगिरणीच्या अनुभवावरून आम्हांस जे उमगले, ते व्यापारी बंधूंपुढे नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, विकणे न विकणे मालकाच्या हाती आहे. त्याचा शब्द कागदावर पक्का होण्यापूर्वी घेणाऱ्याची वरात काढणे व्यर्थ होय. जर्मन सरकारने घेणाऱ्यास साडेचार अब्ज बांधून दिले, पण विकणाऱ्यास बांधले नाही.

दुसरी गोष्ट, मदत द्यावयाची ती कारखान्यास द्यावी, माणसास देऊ नये. जो कोणी कामगारांसह कारखाना चालवील, त्यास सवलत. तो गावचा असो वा परका. ब्रसेल्सच्या पत्राचे सार एवढेच होते. आमच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, पुढे उघड लिलावाचा नियम झाला. तो का करावा लागला, हे आपण सर्व जाणतो.

तिसरी गोष्ट वेळेची. अडलेल्या मालाचा सौदा लांबला की मालक तरी बदलतो, भाव तरी बदलतो. होय किंवा नाही, जे असेल ते सरकारने ठराविक मुदतीत सांगावे. नाही म्हटले तर माणूस दुसरी वाट धरतो. उत्तरच न आल्यास तो दारात बसून राहतो.

यंदाच्या सभेत तो ठराव पुन्हा येईल. या खेपेस आम्ही मौन धरणार नाही. अमुक मंडळींस गिरणी मिळावी, ही ओळ त्यातून काढावी. जो घेईल व चालवील त्यास सवलत, कामगारांची देणी सर्वांआधी, आणि निर्णयास मुदत, एवढेच मागावे, अशी दुरुस्ती आम्ही सुचविणार आहोत. ठरावात ज्यांची नावे आहेत त्यांत आमचे जवळचे आप्तही आहेत, आणि त्यांस हे रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु उद्या त्या गिरणीच्या दारातून एखादा तोलाईदार आमच्या मुलाच्या दुकानी आला, तर त्याच्या प्रश्नास देण्याजोगे उत्तर मुलापाशी असावे, एवढीच आमची इच्छा आहे. दुरुस्तीस संघातील सुज्ञ बंधूंनी अनुमोदन द्यावे, अशी हात जोडून विनंती करून हा लेख पुरा करतो.